आधी शेजाराय नमः

सिडनीत, गिरावीनच्या घरात आमचे देव कपाटात राहायचे. चादरी-टॉवेल ठेवायचं कपाट असतं ना, पॅसेजमधलं, त्यात. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची चोरी. हॉलमध्ये टीव्ही, स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह, एअर फ्रायर आणि नवऱ्याचं कॉफीचं मशीन. शेवटी वरच्या फळीवर टॉवेल, मधल्या फळीवर देव आणि खाली व्हॅक्युम क्लीनर अशी वाटणी झाली. पुण्याहून आई राहायला आली तेव्हा मी हे कपाट तिला शरमत शरमतच दाखवलं. तिने दार उघडून पाहिलं, परत लावलं आणि म्हणाली, "बरं आहे. दार लावलं की त्यांनाही जरा निवांत मिळतं."

माझी आई ही अशी आहे. मी ज्या गोष्टीवर आठवडाभर धुसफुसते ती तिने एका वाक्यात निकालात काढली की मला चिडायलाही काही उरत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

कपाटाची अडचण एकच होती. त्याच्या बरोब्बर समोर, छताला, स्मोक अलार्म होता. पहिल्याच संध्याकाळी आईने निरांजन लावलं, दोन उदबत्त्या लावल्या आणि सगळी गल्ली ऐकेल असा तो यंत्रराज किंचाळायला लागला. मी स्टुलावर चढून टॉवेल फडकावत होते, आई कानावर हात ठेवून उभी होती. इतक्यात उघड्या दारातून शेजारच्या जपानी बाई आत आल्या. हातात झाडू. त्यांनी झाडूच्या दांड्याने अलार्मचं बटण दाबलं. शांतता झाली. "नो वरीज," त्या म्हणाल्या.

त्या आईच्याच वयाच्या, म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढच्या. लग्न करून तरुणपणी इथे आलेल्या, नवरा ऑस्ट्रेलियन, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा डार्विनला हॉस्पिटलमध्ये नोकरीला. तोवर आमची ओळख कचऱ्याचा बिन बाहेर काढताना हात हलवण्यापुरती होती. त्या जाता जाता कपाटापुढे थबकल्या. देवांकडे, व्हॅक्युम क्लीनरकडे आणि परत देवांकडे पाहिलं. "आमच्याकडेसुद्धा कपाटातच," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला वाटलं टॉवेलांबद्दल बोलताहेत.

आईने त्यांचं नाव दुसऱ्याच दिवशी ठेवलं, जपानी वहिनी. मी विचारलं, "वहिनी कशा काय? कोणाच्या?" तर म्हणाली, "माझ्याएवढ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारू? आणि मावशी म्हटलं तर त्यांना म्हातारं म्हटल्यासारखं होईल." पुढे जपानी गळून पडलं आणि नुसत्या वहिनी राहिल्या. त्याही हाकेला ओ द्यायला लागल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. इंग्रजी वहिनींचं तुटक आणि आईचं नावापुरतं. पण मी पॅरामॅटाच्या ऑफिसातून ट्रेनने परत येईपर्यंत दोघींच्या कितीतरी गप्पा झालेल्या असायच्या. आई वहिनींकडे पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी पाठवायची. वहिनी डबा धुऊन परत द्यायला आल्या की आई म्हणायची, "असू दे, असू दे, काय घाई होती?" आणि मग एक विचित्र प्रकार व्हायचा. वहिनी मान डोलवायच्या, डबा तसाच घरी घेऊन जायच्या आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन यायच्या. आई पुन्हा म्हणायची असू दे. पुन्हा डबा घरी. एक स्टीलचा डबा तर चांगला आठवडाभर दोन्ही घरांच्या मधे येरझाऱ्या घालत होता. मी शेवटी न राहवून वहिनींना विचारलं. तेव्हा उलगडा झाला, की जपानीत 'आसु' म्हणजे उद्या. 'आसु दे' म्हणजे उद्या चालेल. आई रोज उद्या या म्हणते, तर त्या बिचाऱ्या रोज येत होत्या.

मी हसून हसून खाली बसले. आई मात्र खूश झाली. "बघ," म्हणाली, "त्यांना कळलं ते काय चूक आहे? रोज यावं असंच मला वाटत होतं."

मग घरमालकाच्या एजंटचा ईमेल आला. अमुक दिवशी इन्स्पेक्शन. घरात उघडी ज्योत पेटवायची नाही, असं करारात होतं, आणि आमच्या कपाटाच्या वरच्या फळीला निरांजनाच्या काजळीचा छान काळा गोल उमटलेला. नवऱ्याने तो गोल घासून काढायचं काम घेतलं. देवांची सोय मात्र कुठेतरी करायला हवी होती. आईने हक्काने ठरवून टाकलं, "वहिनींकडे."

तर आमचे देव ताम्हनात बसून, टॉवेल पांघरून, कुंपणाच्या पलीकडे गेले. मी पुढे, आई मागे पोथ्यांची पिशवी घेऊन. वहिनींच्या दारात पिशवीचा बंद तुटला, पोथी जमिनीवर पडली आणि आईचा पाय तिला लागला. त्याबरोबर आई वाकली, पोथीला हात लावून तो डोळ्यांना लावला. हे आपण सगळेच करतो. पुस्तकाला पाय लागला, माणसाला लागला, नकळत हात पुढे जातो. मी अजूनही ऑफिसात लॅपटॉपच्या बॅगेला पाय लागला की करते आणि समोरचा मेट विचारतो, यू ओके?

वहिनींनी मात्र ते पाहिलं आणि त्या आईकडे बघतच राहिल्या. "हे काय केलं?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं, पाय लागला म्हणून माफी मागितली. त्यांनी आम्हाला आत बसवलं, चहा ठेवला आणि आपल्या घराण्याची हकीकत सांगितली. मी ती आईला मराठीत पोचवत होते.

फार पूर्वी, आपल्या वसईला ज्यांनी ठाण मांडलं होतं, त्याच पोर्तुगीजांची जहाजं नागासाकीलाही जात. जहाजांबरोबर पाद्री गेले. वहिनी त्या बाजूच्या एका बेटावरच्या. तिथली कोळ्यांची, शेतकऱ्यांची गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. बोलण्यात पोर्तुगीज शब्दही आले. आपला पाव त्यांच्याकडे 'पान' झाला, आपला साबण 'शाबोन' झाला. इथे आईने मला थांबवलं. "म्हणजे आपण एकाच वाण्याच्या दुकानातले," ती म्हणाली, आणि मला तेही भाषांतर करून सांगावं लागलं.

पुढे राज्यकर्त्यांचं मन फिरलं. धर्मावर बंदी आली. पाद्र्यांना हाकललं, जे सापडले त्यांचे आणि त्यांना आसरा देणाऱ्यांचे हाल हाल केले. उरलेल्यांनी मग वरवर बुद्धाला हात जोडायचे आणि घरात आपलं जपायचं असं ठरवलं. सामानाच्या खोलीत, कपाटात, गुंडाळून ठेवलेलं एक चित्र. येशूच्या आईची, मारियाची मूर्ती हवी तर ती बौद्धांच्या कान्नोन देवीसारखी घडवायची, मांडीवर मूल दिलेली. कोणी विचारलं तर आमची देवी. पण अधिकारीही काही कच्चे नव्हते. दरवर्षी ते गावात येत, येशूचं नाहीतर मारियाचं चित्र जमिनीवर ठेवत आणि एकेकाला त्यावरून चालायला लावत. जो बिचकला तो सापडला.

"मग पाय देत?" आईने विचारलं.

"देत," वहिनी म्हणाल्या. "काय करणार? मुलंबाळं होती. घरी येऊन पाय धूत. आणि ते पाणी पीत. माझी आजी असं सांगायची."

मी हे आईला सांगितलं. तिने कप खाली ठेवला. "तीर्थ," ती म्हणाली. "देवाला लागलेल्या पायांचं तीर्थ."

मला तीर्थाचं इंग्रजी येईना. होली वॉटर म्हटलं, पण ते काही बसेना. वहिनींनी मात्र मान हलवली, जशी काही मी अगदी बरोबर सांगितलं. मी उगाचच बिस्किटं फार छान आहेत असं म्हणाले.

अडीचशे वर्षं ते लोक पाद्र्याशिवाय राहिले. पुस्तक ठेवायची सोय नाही, त्यामुळे प्रार्थना तोंडपाठ. बापाकडून मुलाकडे, कानातून कानात. त्या प्रार्थनेला ते म्हणतात ओराशो. आईला वाटलं ओरडून म्हणायची असणार. वहिनी हसल्या. उलट, कुजबुजत, ओठ हलतील न हलतील अशी. शब्द लॅटिनचे, पोर्तुगीजचे, पण ते जाणणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे पिढ्यान् पिढ्या जिभेवर घासून गुळगुळीत झालेले. बंदी उठल्यावर पाद्री परत आले, बरेच जण चर्चला गेले. वहिनींच्या वडिलांसारखे काही म्हणाले, आमच्या आजोबांनी दिलं तेच आमचं. गावात मुलींना ओराशो शिकवत नसत. वहिनी सरकत्या दाराच्या बाहेर बसून ऐकत. सगळी ऐकून ऐकून पाठ झाली होती.

"म्हणून दाखवा ना," आई म्हणाली.

वहिनींनी तोंड उघडलं आणि मिटलं. "आता येत नाही."

कारण असं होतं. सहा-आठ महिन्यांपूर्वी त्या इथल्या एका चर्चमध्ये गेल्या होत्या. प्रार्थनेनंतर चहा पिताना एका वयस्कर, विद्वान गृहस्थांनी फार आपुलकीने विचारलं, वहिनींनी थोडं म्हणून दाखवलं, गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी तितक्याच आपुलकीने मूळ शब्द काय आहेत ते समजावून सांगितलं. वडील म्हणत 'गरासा बेना', ते खरं लॅटिन 'ग्रात्सिया प्लेना', म्हणजे कृपेने भरलेली. हा शब्द असा, तो तसा, हा तर शब्दच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी घरी म्हणायला बसल्या आणि अडकल्या. वडिलांचे शब्द खोटे वाटत होते आणि खरे शब्द परक्याचे. तेव्हापासून बंद.

आणि नेमकी आताच ती हवी होती. वहिनींनी आपलं घर विकायला काढलं होतं. महिन्याभरात त्या डार्विनला मुलाकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. मुलाला ओराशो येत नाही, लहानपणी त्याला फुटबॉलपुढे वेळ नव्हता. त्याला एक सात वर्षांची मुलगी. मुलगा फोनवर म्हणाला होता, मॉम, तिला शिकव, माझं राहिलं. घरात ओराशो येणाऱ्या वहिनी शेवटच्या. "तिला काय शिकवू?" त्यांनी मला विचारलं. "चुकलेलं?"

मी आयटीतली बाई, चूक दिसली की दुरुस्त करायची हेच मला येतं. आईने उठून सगळ्यांचे कप विसळून ठेवले.

इन्स्पेक्शन पार पडलं. एजंटने ओव्हन उघडून पाहिला आणि कपाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. देव घरी आले. वहिनींचं सामान खोक्यांत जायला लागलं. त्या चिकटपट्टी मागायला, कात्री द्यायला येत, बसत, पण तो विषय काढत नसत. चेहरा उतरलेला असायचा. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

अशाच एका संध्याकाळी त्या आमच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि आई कपाटापुढे दिवा लावून तिची चोवीस नावं म्हणत होती. केशवाय नमः, नारायणाय नमः, अशी विष्णूची चोवीस नावं. तिचे वडील संध्येला बसत तेव्हा ती बाहेर पूजेची भांडी घासत ऐकायची, तिथेच शिकली. तिलाही मुद्दाम कोणी शिकवलं नव्हतं. माझी मुलगी युनिव्हर्सिटीतून आलेली, सोफ्यावर आडवी होऊन फोनवर काहीतरी बघत होती. ती एकदम उठून बसली.

"आजी, वेट. व्हॉट डिड यू जस्ट से?"

"काय?"

"पुरुषोत्तमाय नमःच्या नंतर. मी फोनवर लावलंय. इट सेज अधोक्षजाय नमः."

"तेच म्हटलं मी. आधी शेजाराय नमः."

मग मला जे हसू फुटलं ते थांबेना. जन्मभर मी आईची नावं ऐकत आले होते, कधी लक्षच दिलं नव्हतं. मुलीला अर्थ कळेना, तिला मी सांगितलं. आधी शेजाऱ्याला नमस्कार. "ओ माय गॉड," ती म्हणाली, "दॅट्स सो क्यूट," आणि तिने लगेच वहिनींना सगळं इंग्रजीत समजावलं. आईच्या वडिलांचं भराभर म्हणणं, बंद दार, लहान मुलीचे कान आणि देवाच्या नावाचा झालेला शेजारी.

वहिनी हसल्या नाहीत. त्या खुर्चीच्या कडेला आल्या. "आता समजलं ना," त्यांनी आईकडे बघून विचारलं. "उद्यापासून काय म्हणणार?"

मी भाषांतर केलं. माझं हसू तिथेच थांबलं, कारण त्या काय विचारताहेत ते मला कळलं होतं. आईलाही कळलं असावं. तिने दिव्याची वात सारखी केली, बोट पदराला पुसलं.

"तेच म्हणणार," ती म्हणाली. "इतकी वर्षं देव हाच आवाज ऐकतोय. आता बदललं तर त्याला कळायचं नाही, कोण बोलतंय ते."

मी हे इंग्रजीत सांगितलं. एकदा सांगून पुरलं नाही, वहिनींनी पुन्हा सांगायला लावलं. मग त्या चिकटपट्टी तशीच टेबलावर विसरून घरी गेल्या. आई म्हणाली, "रागावल्या का गं?" मला वाटलं, रागावल्याच.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला वहिनी आल्या. नीट इस्त्री केलेला पांढरा ब्लाउज, केस विंचरलेले. त्यांचं कपाट खोक्यात बंद झालं होतं, तर आमचं चालेल का, असं त्यांनी विचारलं. आईने व्हॅक्युम क्लीनर ओढून बाजूला केला, खाली सतरंजी घातली आणि वहिनींना पुढे बसवलं. आमचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, वर चार टॉवेल. त्यांच्यासमोर वहिनी गुडघ्यांवर बसल्या आणि कुजबुजायला लागल्या.

मला एकच शब्द कळला, मारिया. आणि मग गरासा, आणि मग बेना. बाकी सगळं वाहत्या नळासारखं, कुठे थांबत नव्हतं. मधे एकदा अडल्या. त्या दोन शब्द मागे गेल्या, पुन्हा धावत आल्या आणि ती अडचण ओलांडून पुढे गेल्या. आईने आनंदाच्या भरात आणखी एक उदबत्ती लावली.

अलार्म वाजला. वाजणारच होता. मी टॉवेल शोधायला धावले. वहिनी प्रार्थना न थांबवता उठल्या, कोपऱ्यातला आमचा झाडू घेतला, दांड्याने बटण दाबलं, झाडू जागेवर ठेवला आणि परत गुडघ्यांवर बसल्या. ओठ एकदाही थांबले नाहीत. अडीचशे वर्षं अधिकाऱ्यांना चुकवलेल्या घराण्याला स्मोक अलार्मचं काय मोठंसं.

संपल्यावर त्यांनी आईचा हात धरला. आई म्हणाली, "झालं की सगळं! उगाच काळजी करत होतात." दोघी रडल्या आणि मग दोघींनी बटाट्याची भजी खाल्ली.

वहिनी गेल्या. त्यांच्या जागी एक जोडपं आलं, चांगलं आहे, बिन वेळेवर काढतं. आई काही दिवस कुंपणाकडे बघत बसायची आणि मी विचारलं तर म्हणायची, तुळस बघत होते.

मग एका रविवारी डार्विनहून व्हिडिओ कॉल आला. तिकडे उकाडा मी म्हणत होता, वहिनींच्या मागे पंखा गरगरत होता, आणि त्यांच्या मांडीला टेकून नात बसली होती, समोरचे दोन दात पडलेली. वहिनी फार गंभीर होत्या. आज हिने पहिला भाग म्हणायचा आहे, आणि तो आईने ऐकायचा आहे, असं त्यांनी सांगितलं. आई पदर सारखा करून, फोन कपाटाच्या फळीला टेकवून बसली. देवांनाही दिसावं म्हणून.

मुलगी खणखणीत आवाजात सुरू झाली. कुजबुज वगैरे काही नाही. डार्विनमध्ये आता ओराशो ओरडूनच म्हणणार, आईचं खरं झालं. आणि ती त्या जागेवर आली.

"मारिया," ती म्हणाली, "ग्रास, बीनी."

माझ्या मुलीने तोंडावर उशी दाबली. गवत आणि लोकरीची टोपी. जिथे बारा महिने घाम पुसावा लागतो त्या गावात मारियाच्या डोक्यावर लोकरीची टोपी. नात आपली पुढे म्हणतच होती, काही चुकलंय हे तिच्या गावीही नव्हतं. पण मी वहिनींकडे बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. नातीला थांबवायला त्यांचा हात उचलला गेला, तोंड उघडलं, आणि मग त्यांनी स्क्रीनमधून आईकडे पाहिलं.

आई नुसती बघत राहिली.

वहिनींनी हात अलगद खाली ठेवला, नातीच्या केसांवर.

"असू दे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते मराठीत म्हटलं की जपानीत, हे मी अजूनही विचारलेलं नाही.